शिपायाचे नाव कोण लिहिणार?

आपल्या वस्तीत कोणी माजी सैनिक वारला म्हणजे काय होते, ते सर्वांच्या पाहण्यातले आहे. विहाराच्या फळ्यावर खडूने निधनाची सूचना लागते. अंत्ययात्रेला माणसे जमतात. पुढे जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाचा दिवस ठरतो. भंतेजी किंवा बौद्धाचार्य त्रिशरण-पंचशील देतात, फोटोला हार घातला जातो आणि भाषणांना सुरुवात होते. पहिला वक्ता म्हणतो, "आबा फार मनमिळाऊ होते." दुसरा म्हणतो, "कुणाच्या अध्यात ना मध्यात." तिसरा म्हणतो, "मिल्ट्रीत होते, शिस्तीचे होते." चौथ्याला वेळ कमी असतो, म्हणून तो आधीच्या तिघांशी सहमत होतो. मग पंगत बसते.

"मिल्ट्रीत होते" या दोन शब्दांत पंधरा-वीस वर्षांची नोकरी संपते. कोणत्या पलटणीत होते? कोणत्या साली भरती झाले? कुठे कुठे होते, कोणत्या लढाईच्या वेळी सीमेवर होते, हुद्दा काय मिळाला, पदके कोणती? मंडपात बसलेल्या दोनशे माणसांपैकी कोणाला सांगता येत नाही. मुलाला थोडे ठाऊक असते, नातवाला मुळीच नसते. आबांबरोबर हा सगळा इतिहासही जातो, आणि आपण मात्र "आपल्याला इतिहास नाही" म्हणून हळहळत बसतो.

आज या सदरात आम्ही अशाच आपल्या कालकथित सैनिकांविषयी लिहीत आहोत. त्यांच्या फोटोला हार घालणे हा सन्मान आहेच. पण त्यांचे नाव आणि त्यांची सेवा लिहून ठेवणे हा त्याहून मोठा सन्मान आहे, असे आमचे म्हणणे आहे. का, ते क्रमाने पाहू.

दगडावरची नावे

दरवर्षी १ जानेवारीला आपण भीमा-कोरेगावला जातो. लेकराबाळांसह, भाकऱ्या बांधून, एस. टी. च्या रांगेत उभे राहून जातो. २०१८ साली द्विशताब्दीच्या दिवशी तिथे जो हिंसाचार झाला, त्यानंतरही लोकांचे येणे थांबले नाही. आपण तिथे नेमके कशाला वंदन करतो?

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कंपनी सरकारची एक तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली. हजाराच्या आतच माणसे. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८१८ ला, भीमेच्या काठी कोरेगावात पेशव्यांच्या फौजेशी तिची गाठ पडली आणि दिवसभर लढाई झाली. पुढे २६ मार्च १८२१ ला तिथे स्मारकाच्या स्तंभाचा पाया घातला गेला. या स्तंभावर कंपनीच्या ४९ सैनिकांची नावे आहेत. त्यांतली २२ नावे 'नाक' या अक्षरांनी संपणारी आहेत. त्या काळी महार माणसाच्या नावाला 'नाक' जोडण्याची रीत होती, त्यावरून ही माणसे आपली हे कळते. बाकीची नावे इतर समाजांच्या शिपायांची आहेत. तेही आपल्या पूर्वजांच्या खांद्याला खांदा लावून लढले. त्यांनाही आपले वंदन असले पाहिजे.

कंपनी सरकारने हा स्तंभ महारांवरच्या प्रेमापोटी उभारला नाही. आपल्या विजयाची खूण म्हणून उभारला. हे आपण विसरू नये. पण ज्या काळात या माणसांच्या सावलीचा गावात विटाळ होत होता, त्या काळात त्यांची नावे दगडावर कोरली गेली आणि टिकली. नाव टिकले म्हणून शंभर वर्षांनी त्याचा उपयोग झाला.

नावे अर्जाला कामी आली

हा उपयोग कसा झाला, हे आपल्या तरुणांना फारसे माहीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी 'लढाऊ जाती' आणि 'बिगर लढाऊ जाती' असा भेद काढला आणि १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनीसाठी रक्त सांडले, त्यांना लष्कराचे दार लावून घेतले. खेड्यातल्या येसकरकीतून बाहेर पडण्याची जी एक वाट होती, तीच बंद झाली.

तेव्हा उठले कोण? निवृत्त शिपाईच उठले. गोपाळबाबा वलंगकर हे १८८६ साली लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक लिहिले, आणि १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून लष्कराच्या सेनापतीला उद्देशून अर्ज तयार केला. पुढे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी हेच काम हाती घेतले. 'सोमवंशीय मित्र' हे मासिक १९०८ पासून चालवणारे ते कार्यकर्ते. १९१० साली त्यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. आमच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या फौजेत इमानाने सेवा केली आहे, हा या अर्जांचा पाया होता. नुसते तोंडी सांगून सरकार ऐकत नाही. सरकारला पुरावा लागतो. तो पुरावा पलटणींच्या दप्तरात होता आणि कोरेगावच्या दगडावर होता. १ जानेवारी १९२७ ला परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः त्या स्तंभापाशी गेले, तेव्हापासून ही जागा सर्व समाजाची झाली.

बाबासाहेबांचे घराणेही शिपायांचेच. वडील सुभेदार रामजी सकपाळ, आजोबा मालोजी आणि आईकडचे मुरबाडकर, सगळे लष्करातले. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत झाला. रामजीबाबा लष्करी शाळेत हेडमास्तर होते. लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, असे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. गावची शाळा ज्यांना ओसरीवरही बसू देत नव्हती, त्यांच्या पोरी छावणीत अक्षरे गिरवत होत्या. आपल्या चळवळीची पहिली पाटी-पेन्सिल बराकीतून आली, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही. १९२७ च्या महाड सत्याग्रहात सुभेदार सवादकरांसारखी निवृत्त लष्करी माणसे पुढे होती, तीही याच शिस्तीतून आलेली.

नावाऐवजी आकडा

आता याच्या उलट गोष्ट पाहा. पहिल्या महायुद्धात इंग्रजांना माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपले, गरज सरली, आणि १९२१ पर्यंत ती मोडीतही निघाली. गरज सरो आणि वैद्य मरो, ही रीत आपल्या वाट्याला नेहमीचीच.

त्याच युद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, हिंदुस्थानातले हजारो शिपाई कामी आले. त्यांच्यासाठी बसरा येथे स्मारक आहे. १९१४ ते १९२१ या काळात तिकडे मृत्यू पावलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांचे ते स्मारक. त्यात बहुसंख्य हिंदी. पण या स्मारकाच्या फलकांवर अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणीवार नुसते आकडे टाकले. अमुक पलटण, इतके इतर. आई-बापांनी हौसेने ठेवलेले नाव तिकडच्या दगडावर आले नाही.

युद्धातील मृतांची स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने याची चौकशी नेमली. २०२१ मध्ये अहवाल आला. हिंदी आणि आफ्रिकी अशा किमान ४५ हजार सैनिकांचे स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने झाले नाही, हे त्यात मान्य करण्यात आले, आणि कमिशनने माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, नाव न लिहिणे हा अन्याय आहे, हे जगाने कबूल केले.

यातून आपण काय घ्यायचे? माणसाचे नाव लिहिणे ही दया नाही. तो त्याचा हक्क आहे. अस्पृश्यतेने आपले पहिले काय घेतले असेल तर नाव घेतले. धोंड्या, कचरू, दगडू म्हणून हाका मारल्या. ज्याचे नाव हुद्द्यासह लिहिले गेले, तो माणूस म्हणून उभा राहिला.

बाबासाहेब आणि महार रेजिमेंट

दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी ही संधी वाया जाऊ दिली नाही. १९४१ च्या जुलैत त्यांची संरक्षण सल्लागार समितीवर नेमणूक झाली. महारांची स्वतंत्र पलटण उभी राहावी म्हणून त्यांनी पाठपुरावा केला, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी कामठीला निघाली. रेजिमेंटच्या पहिल्या टोपीचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. म्हणजे दगडावरची ती नावे आता जिवंत शिपायांच्या कपाळावर आली. पुढे चिन्ह बदलले, रेजिमेंट मशिनगनची झाली, नंतर पायदळाची झाली. आज सागर, मध्य प्रदेश, येथे तिचे केंद्र आहे आणि तिच्यात देशातल्या अनेक जातिधर्मांचे जवान आहेत. 'यश सिद्धी' हे तिचे बोधवाक्य.

फाळणीच्या वणव्यात १९४७ साली या पलटणींनी पंजाबात निर्वासितांच्या रक्षणाचे काम केले. १९४७-४८ च्या जम्मू-काश्मीरच्या लढाईत नाईक कृष्णा सोनवणे यांना महावीर चक्र मिळाले. २५ नोव्हेंबर १९८७ ला श्रीलंकेत ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावली आणि त्यालाच टिपले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. मेजर साहेब मुंबईत जन्मलेले तमिळ गृहस्थ. तेही आपलेच, कारण आता पलटणीला जात राहिलेली नाही. बाबासाहेबांना हेच हवे होते.

२५ फेब्रुवारी २०१९ ला दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे उद्घाटन झाले. स्वातंत्र्यानंतर देशासाठी प्राण दिलेल्या २५ हजारांहून अधिक जवानांची नावे तिथे ग्रॅनाइटवर कोरली आहेत. दिल्लीला गेलात तर मुलांना घेऊन तिथे अवश्य जा आणि महार रेजिमेंटची नावे शोधायला सांगा.

जो जिवंत परत आला त्याचे काय?

इथे एक गोष्ट आमच्या मनात सारखी येते. लढाईत पडला त्याचे नाव दगडावर आले. पण जो पंधरा-वीस वर्षे सेवा करून जिवंत परत आला, गिरणीत किंवा कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाला, पोरांना शिकवले, विहाराच्या बांधकामाला वर्गणी दिली, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत जुनी पदके लावून ताठ चालला आणि एक दिवस सरकारी दवाखान्याच्या खाटेवर गेला, त्याचे नाव कुठे आहे? त्याच्यासाठी कोणताही दगड नाही. त्याचे स्मारक म्हणजे त्याचे घर. आणि घरात काय आहे? एक पत्र्याची ट्रंक.

या ट्रंकेचे पुढे काय होते, ते सांगतो. घराची दुरुस्ती निघते, किंवा झोपडपट्टी पुनर्वसनात खोली बदलते. नव्या घरात जागा नाही म्हणून ट्रंक भंगारवाल्याला जाते. आतले कागद रद्दीत जातात. पदके कधी पोरे खेळण्यात हरवतात, कधी जुन्या बाजारात चादरीवर विकायला येतात. स्वातंत्र्यानंतरच्या पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेले असते. म्हणजे सरकारने त्याचे नाव धातूवर लिहिले, आणि आपण ते किलोच्या भावाने घालवले.

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकते. सैन्यात आपले सगळेच लोक बंदूक धरून नव्हते. कोणी बावर्ची होता, कोणी धोबी, कोणी सफाईवाला, कोणी सामान वाहणारा. अशांची घरची माणसे हे सांगायला संकोचतात. "मिल्ट्रीत होते" म्हणून विषय टाळतात. का टाळायचा? बर्फात पहाटे तीनला उठून शंभर जवानांचा चहा करणाऱ्याशिवाय पलटण हलत नाही. त्याचा नंबर होता, वर्दी होती, बदलीही सीमेवर होत होती. श्रमाची लाज धरायची नाही, हे आपण बाबासाहेबांकडून शिकलो. मग वडिलांच्या श्रमाची लाज कशाला? त्यांचे नाव सुभेदाराच्या ओळीतच लिहा.

कागद म्हणजे आईची भाकरी

काही वाचक म्हणतील, जुने कागद जपून काय मिळणार? आम्ही कारकुनी करणारी माणसे. कागदाचे मोल आम्हाला रोज दिसते. एका मावशींची गोष्ट सांगतो. नाव-गाव देत नाही.

मावशींचे पती सतरा वर्षे लष्करात होते. ते वारले आणि त्यांची पेन्शन बंद झाली. विधवेला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायला हवे होते. पण पतीच्या कागदात पत्नीचे नाव माहेरचे, आधार कार्डावर सासरचे आणि बँकेत तिसरेच. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवले गेले. मावशींना सही येते, पण फॉर्म वाचता येत नाही. मुलगा रोजंदारीवर. एक खाडा म्हणजे एका दिवसाची चूल. सात-आठ महिने असे गेले. शेवटी सुनेने माळ्यावरून ट्रंक काढली. तिच्यात गव्हाच्या पिठाच्या पिशवीत गुंडाळलेले डिस्चार्ज बुक निघाले. त्यात सर्व्हिस नंबर होता, हुद्दा होता, लग्नाची नोंद होती, पत्नीचे नाव होते. त्या आधारे अर्ज गेला, नावाबद्दलचे प्रतिज्ञापत्र जोडले, आणि पेन्शन थकबाकीसह सुरू झाली. ट्रंक भंगारात गेली असती तर मावशींच्या हक्काची भाकरीही तिच्याबरोबर गेली असती.

म्हणून आमच्या माता-भगिनींना विनंती आहे. पती हयात आहेत तोवरच या गोष्टी बघून घ्या. पेन्शनच्या आदेशात, म्हणजे पी. पी. ओ. मध्ये, आपले नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का? आधार, पॅन आणि बँक पासबुक यांत तेच नाव आहे का? नसेल तर आजच दुरुस्तीचा अर्ज करा. संरक्षण खात्याची पेन्शन आता 'स्पर्श' नावाच्या संगणकीय व्यवस्थेतून येते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला तर पेन्शन अडते. पती वारल्यास मृत्यूचा दाखला, पी. पी. ओ., डिस्चार्ज बुक, पासबुक, आधार आणि फोटो घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. प्रत्येक जिल्ह्यासाठी हे कार्यालय आहे, आणि अर्ज भरण्यास मदत करणे हे तिथल्या लोकांचे कामच आहे. भीक मागायला जात नाही, हक्क घ्यायला जातो, अशा मनाने जा.

ज्यांची नोकरी पंधरा वर्षांपेक्षा कमी झाली, त्यांना बहुधा पेन्शन बसलेली नसते. दुसरे महायुद्ध संपल्यावर असंख्य शिपायांना असेच घरी पाठवले गेले. अशा घरांनी आशा सोडू नये. दुसऱ्या महायुद्धातील पेन्शन नसलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य शासन मासिक अनुदान देत आले आहे. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना व विधवांना वयाच्या ६५ वर्षांनंतर केंद्रीय सैनिक मंडळाकडूनही मदत मिळते. दर आणि अटी बदलत असतात, त्या जिल्हा कार्यालयात विचाराव्यात. पण सगळीकडे पहिला प्रश्न एकच असतो, "नंबर काय?" म्हणून नंबर जपा.

बौद्ध आणि शिपाई

आम्हाला कधी कधी विचारले जाते, आपण तर बौद्ध, अहिंसेला मानणारे, मग शिपायाचा गौरव कसा करता? प्रश्न योग्य आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. बुद्धांनी आंधळा नियम दिला नाही, विवेक दिला, असे त्यांचे सांगणे आहे. आपण युद्धाचा गौरव करत नाही. दुसऱ्याच्या रक्षणासाठी आपला जीव पुढे करणाऱ्या माणसाचा गौरव करतो.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मुलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत आई-वडिलांचा वारसा घेण्यास योग्य होणे हे एक आहे, आणि ते गेल्यावर त्यांच्या नावे दान देणे हे एक आहे. वारसा म्हणजे केवळ दहा बाय बाराची खोली नव्हे. वडिलांनी काय केले ते माहीत असणे, हाही वारसा. आणि दान म्हणजे पंगतच असे नाही. पंगतीच्या खर्चातून हजार-पाचशे बाजूला काढून त्या सैनिकाच्या नावे वस्तीतल्या एखाद्या मुलीला वह्या-पुस्तके दिली, तर ते दानच आहे. त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर सैनिकाचे नाव, नंबर आणि पलटण लिहावी. मुलगी ते पान वर्षभर बघेल.

विहाराची वही

आता कामाचे बोलू. प्रत्येक विहारात एक जाड पुठ्ठ्याची वही घ्यावी. तिच्यावर लिहावे, 'आमच्या वस्तीतील सैनिक'. एका सैनिकाला एक पान द्यावे. पानावर पुढील नोंदी असाव्यात.

१. पूर्ण नाव आणि घरातले नाव.
२. मूळ गाव, तालुका, जिल्हा.
३. सर्व्हिस नंबर, हुद्दा, पलटण किंवा खाते.
४. भरतीचे आणि सेवामुक्तीचे साल.
५. कुठे कुठे नोकरी झाली, कोणत्या लढाईच्या काळात.
६. पदके.
७. पत्नीचे नाव. हे विसरू नये. पती सीमेवर असताना सासू-सासरे, शेत आणि पोरे तिनेच सांभाळली.
८. निवृत्तीनंतर काय काम केले, चळवळीत काय भाग घेतला.
९. हयात असल्यास त्यांच्या तोंडून ऐकलेली एक आठवण, त्यांच्याच शब्दांत.
१०. निधनाची तारीख.

डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स त्या पानाला जोडावी आणि मूळ कागद घरी प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावा. कॉलेजातल्या मुलामुलींनी मोबाईलवर त्याचे फोटो काढून ठेवावेत. ज्या घरात काहीच कागद उरला नसेल, त्यांनी संबंधित अभिलेख कार्यालयाला पत्र लिहावे. महार रेजिमेंटचे अभिलेख सागर येथे आहेत. इतर खात्यांची कार्यालये वेगळी आहेत, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पत्ता देते. पत्रात माहीत असेल तेवढे सगळे लिहावे. महायुद्धात कामी आलेल्या पणजोबा-खापरपणजोबांची माहिती हवी असेल, तर वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी नावावरून शोधता येतात. संगणक येणाऱ्या नातवाला हे काम द्या. तोही आजोबांच्या जवळ जाईल.

ही वही वर्षातून दोनदा उघडावी. एकदा १ जानेवारीला, कोरेगावला जाण्याआधी किंवा जाऊन आल्यावर. दुसऱ्यांदा ७ डिसेंबरला, जो देशभर सशस्त्र सेना ध्वज दिन म्हणून पाळला जातो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून परतलेली माणसे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विहारात जमली, आणि वहीतली नावे एकेक करून मोठ्याने वाचली, तर त्याला ना स्टेज लागते ना लाऊडस्पीकर. नाव वाचले की त्या घरच्या माणसाने उभे राहावे. बस्स, एवढेच.

आणि वस्तीत पुढचा सैनिक जाईल तेव्हा पुण्यानुमोदनाला पहिला वक्ता वही घेऊन उभा राहील. "मनमिळाऊ होते" हे नंतर सांगेल. आधी नंबर वाचेल, हुद्दा वाचेल, पलटण वाचेल, साल वाचेल. मग लेकरे मान वर करून ऐकतील.

कोरेगावच्या बावीस माणसांची नावे इंग्रजांनी लिहिली. आपल्या आजोबांची नावे लिहायला आता इंग्रज येणार नाहीत. लिहायला-वाचायला शिकलेली आपली पहिली-दुसरी पिढी आहे. पेन आपल्या खिशात आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर पहिले पान लिहा, आणि आपल्या विहारातल्या वहीची हकीकत या सदराकडे पाठवा. आम्ही ती आनंदाने छापू.

जयभीम! नमो बुद्धाय!